होव्हरने उघडणारा मेन्यू सगळीकडे सारखा चालावा म्हणून

एका वाचनालयाच्या संकेतस्थळाचा जुना कोड माझ्याकडे दुरुस्तीला आला. तक्रार अशी की वरचा मेन्यू लुकलुकतो. कर्सर नुसता वर नेला (यालाच होव्हर म्हणतात) की यादी उघडते, पण यादीतल्या एका ओळीवरून दुसरीवर सरकलं की मिटते आणि लगेच पुन्हा उघडते.

कोडात माउसओव्हर आणि माउसआउट हे इव्हेंट, म्हणजे कर्सर एखाद्या घटकावर आला किंवा तिथून निघाला की ब्राउझर देतो त्या सूचना, वापरले होते. कन्सोलमध्ये प्रत्येक इव्हेंट छापला तेव्हा कारण दिसलं. हे दोन्ही बबल होतात, म्हणजे आतल्या एलिमेंटवर (पानाच्या घटकावर) घडले की त्याला वेढणाऱ्या बाहेरच्या एलिमेंटांपर्यंतही जातात, त्यामुळे कर्सर यादीच्या आतल्या आत एका लिंकवरून शेजारच्या लिंकवर गेला तरी बाहेरच्या एलिमेंटपर्यंत माउसआउट पोचतो. कर्सर कुठे गेला ते इव्हेंटमधला रिलेटेडटार्गेट हा गुणधर्म सांगतो. तो आतच असेल तर इव्हेंट सोडून द्यायचा. इंटरनेट एक्सप्लोररच्या आठव्या आवृत्तीपर्यंत मात्र तिथे टूएलिमेंट पाहावं लागे, आणि इव्हेंटला कोड जोडायला अ‍ॅडइव्हेंटलिसनरच्या जागी अटॅचइव्हेंट. कोडात त्यासाठी वेगळी फांदी होती, ती मी काढून टाकली.

गंमत म्हणजे ही कसरत वाचवणारे, बबल न होणारे माउसएंटर आणि माउसलीव्ह मूळचे त्याच इंटरनेट एक्सप्लोररचे. क्रोममध्ये ते यायला 2013 उजाडलं. तोवर जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी (तयार कोडाचा संच) माउसओव्हरवरून त्यांची नक्कल करून देत होती, आणि त्याबद्दल त्या लायब्ररीचे उपकार मी आजही मानतो. हे दोन इव्हेंट लावताच डेस्कटॉपवरचं लुकलुकणं थांबलं.

खरं काम फोनवर निघालं. बोट उचललं की ब्राउझर जुन्या पानांसाठी माउसचे इव्हेंटही पाठवतो: आधी माउसओव्हर, मग माउसमूव्ह, माउसडाउन, माउसअप आणि शेवटी क्लिक. म्हणजे एकाच टॅपमध्ये माउसएंटरने यादी उघडायची आणि क्लिकने मिटायची! आयफोनच्या सफारीत तर होव्हरमुळे पानावर नवं काही दिसलं तर पहिल्या टॅपचा क्लिक येतच नाही. एकच कोड, दोन फोनांवर दोन तऱ्हा.

ब्राउझरचं किंवा यंत्राचं नाव तपासून हे सुटत नाही, कारण टचस्क्रीन लॅपटॉपला माउसही असतो. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसची होव्हर मीडिया क्वेरी, म्हणजे यंत्रावर होव्हर जमतं का ही विचारणा, तीसुद्धा फक्त मुख्य साधनाबद्दल बोलते. म्हणून निर्णय प्रत्येक इव्हेंटपाशी घ्यायचा, असं मी ठरवलं. माउस आणि बोट दोन्हींसाठी चालणारे पॉइंटरएंटर आणि पॉइंटरलीव्ह हे इव्हेंट लावले आणि त्यांचा पॉइंटरटाइप, म्हणजे इव्हेंट कोणत्या साधनाचा ते, पाहिला. तो माउस असेल तरच होव्हरने उघडायचं. बोट असेल तर काहीच करायचं नाही, पुढचं क्लिक पाहील. 2019 मध्ये सफारी 13 आल्यापासून हे इव्हेंट सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहेत. माउसने उघडलेली यादी क्लिकने मिटू नये म्हणून ती कशाने उघडली हे एका व्हेरिएबलमध्ये ठेवलं.

मिटण्याआधी सुमारे 300 मिलिसेकंदांचा टायमर टाकला. कर्सर यादीकडे तिरका जाताना क्षणभर बाहेर पडतो. तेवढ्यात ती नाहीशी झाली तर हात थरथरणाऱ्या वाचकाला नेम धरणं अशक्य होतं. वाचनालयाच्या साइटवर असे वाचक असणारच.

कीबोर्डसाठी मेन्यूचं नाव साधं बटण केलं, त्यावर यादी उघडी आहे की मिटलेली ते स्क्रीन रीडरला सांगणारं एरिया-एक्सपांडेड लावलं. एस्केप दाबल्यावर कर्सर जागेवरच असला तरी यादी मिटते, कारण डब्ल्यूसीएजी 2.1 या वेब-सुलभतेच्या नियमावलीतला 1.4.13 हा निकष होव्हरने उघडलेल्या मजकुराबाबत तेच मागतो. तशी मिटलेली यादी कर्सर बाहेर जाऊन परत आल्याशिवाय पुन्हा उघडत नाही.