पॅरिस, सावार, कुतुपालोंग: फोटोखाली कुणाचं नाव?

फॅशन वीक आणि निर्वासितांची छावणी, दोन्हीकडचे फोटो काढायचं काम एकच बाई कशी काय करू शकते, असं मला हमखास विचारतात. विचारणाऱ्याच्या आवाजात बहुधा थोडी नाराजीही असते. मला स्वतःला ही कामं तितकी लांबची वाटत नाहीत. दोन्हीकडे माणसं कपडे घालून कॅमेऱ्यासमोर उभी राहतात आणि आपण कसं दिसावं याबद्दल दोन्हीकडच्या माणसांचं काहीतरी म्हणणं असतं. एकीकडे ते म्हणणं विचारलं जातं, दुसरीकडे फारसं कुणी विचारत नाही. यंदाचा दौरा मार्चमध्ये पॅरिसला सुरू झाला आणि ढाक्यामार्गे बांगलादेशातल्याच कॉक्स बाजारला संपला. सगळ्या वाटेवर मी हाच फरक बघत होते.

पॅरिसपासून सुरुवात करते. शोमध्ये आमची जागा रॅम्पच्या टोकाला, पायऱ्यापायऱ्यांच्या मचाणावर. तिला पिट म्हणतात. शोच्या कितीतरी आधी जाऊन जमिनीवर गॅफर टेपची पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर मार्करने नाव लिहायचं, म्हणजे ती बोटभर जागा आपली. मधोमध मोठ्या एजन्सींचे फोटोग्राफर, कडेला बाकीचे. त्या पट्टीवरून खरीखुरी भांडणं होतात. एकदा सगळे दाटीवाटीने उभे राहिले की मागच्याची लेन्स तुमच्या कानाला लागते आणि तुमचं कोपर पुढच्याच्या पाठीला. शो अर्धा तास उशिरा सुरू होणार हे गृहीतच असतं. रॅम्पवर अंथरलेलं प्लास्टिक ओढून काढलं की समजायचं, आता वेळ झाली. मग पिटमधून एकच ओरडा उठतो: पहिल्या रांगेतल्यांनो, पाय आत घ्या! तुकतुकीत बूट घातलेला एखादा पाय पुढे आला तरी प्रत्येक फ्रेमचा कोपरा जातो.

त्यानंतरची दहा-बारा मिनिटं डोळा व्ह्यूफाइंडरमधून निघत नाही. मॉडेल चालत येते, तिचं पुढचं पाऊल नुकतंच टेकतं, कापड मागे झुलत असतं, आणि नेमका तो क्षण हवा असतो. अर्ध्या सेकंदानं उशीर झाला की गुडघा वाकडा दिसतो आणि कपड्याची ठेवण मोडते. मागून पुढची मॉडेल निघालेलीच असते. शो संपायच्या आत पहिले फोटो एजन्सीकडे पोचलेले असतात.

मला पिटपेक्षा बॅकस्टेज जास्त आवडतं. तिथे एका बोर्डावर प्रत्येक लुकचा, म्हणजे एकेका पूर्ण पोशाखाचा, फोटो लावलेला असतो आणि त्याखाली मॉडेलचं नाव, तिचा क्रमांक, बूट कुठले, कानातले कुठले. हाताशी कपडे चढवायला ड्रेसर असतो. दोरा निघाला तर सुई घेऊन धावणारी शिवणकामाची बाई असते. काळे कपडे, गळ्यात टेप, मनगटावर टाचण्यांची गादी. कुणाला काय लागेल याचा विचार आधीच झालेला असतो. पुढे मासिकात पान छापून येतं तेव्हा कडेला बारीक अक्षरांत सगळ्यांची नावं येतात: फोटो, स्टायलिंग, केस, मेकअप, मॉडेल, तिची एजन्सी, कोटाची कंपनी, अंगठीची कंपनी. ही यादी मला मनापासून आवडते. फोटो एकट्या फोटोग्राफरचा नसतो, हे त्या पानावर लिहून ठेवलेलं असतं. पण यादी तिथेच थांबते. कोट कुणी शिवला ते त्या पानावर कधी सापडत नाही.

शेवटचा शो झाल्यावर सामान बदललं. लांबच्या लेन्स आणि मोनोपॉड पॅरिसच्या मैत्रिणीकडे ठेवले. बरोबर कॅमेऱ्याच्या दोन बॉड्या, ३५ आणि ८५ मिलिमीटरच्या लेन्स आणि एक छोटा प्रिंटर घेतला. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हँडबॅगेतच न्याव्या लागतात आणि १०० वॉट-अवरच्या वरची असेल तर विमान कंपनीला आधी विचारावं लागतं, म्हणून व्हिडिओ लाइटची मोठी बॅटरी मागे ठेवली. विमानात मला बहुतेक वेळा ली मिलर आठवते. व्होगची मॉडेल, मग व्होगची फोटोग्राफर, आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच मासिकाची युद्धवार्ताहर. १९४५ मध्ये बुखेनवाल्ड आणि दाखाउ मुक्त झाल्यावर तिने तिथले मृतदेह आणि वाचलेले कैदी टिपले आणि अमेरिकन व्होगने ते फोटो त्याच वर्षी जूनमध्ये छापले. फॅशनच्या वाचकांना हे सोसणार नाही, असं तेव्हाचं संपादक मंडळ म्हणू शकलं असतं. ते तसं म्हणाले नाहीत, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

ढाक्यात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सावार. ढाक्याच्या वायव्येला, वाहतुकीच्या मर्जीवर दीड ते तीन तास. राणा प्लाझा तिथेच होती. आठ मजल्यांची इमारत, आत पाच गारमेंट कारखाने. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना तडे गेलेले दिसले. खालची बँक आणि दुकानं बंद झाली, कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. २४ तारखेला सकाळी नऊच्या सुमारास इमारत कोसळली आणि १,१३४ माणसं गेली. ढिगाऱ्यात एकमेकांना मिठीत धरून मेलेल्या स्त्री-पुरुषाचा तस्लिमा अख्तर यांनी टिपलेला फोटो जगभर छापला गेला. त्या स्वतः बांगलादेशी आणि कामगार चळवळीतल्या. त्यांनी त्या दोघांची नावं शोधायचा खूप प्रयत्न केला.

त्या दिवसांतली आणखी एक गोष्ट मला सोडत नाही. जवळच्या अधरचंद्र हायस्कूलच्या मैदानावर मृतदेह आणून ठेवत होते आणि नातेवाईक हातात बेपत्ता माणसाचा पासपोर्ट साइज फोटो धरून उभे होते. ओळखपत्रासाठी स्टुडिओत काढलेला, निळ्या-पांढऱ्या पडद्यासमोरचा, केस नीट विंचरलेला फोटो. ढिगाऱ्यात कार्यकर्ते शोधत होते ती कपड्यांची लेबलं, कारण कुठल्या ब्रँडचं काम इथे चालू होतं याचा पुरावा तीच होती. एका हातात माणसाचा फोटो, दुसऱ्या हातात ब्रँडचं नाव.

आता ती जागा मोकळी आहे, गवत माजलेलं, आणि रस्त्याच्या बाजूला हातोडा आणि विळा धरलेल्या हातांचं स्मारक. मी तिथे फार वेळ थांबले नाही. मला एका चालू कारखान्यात जायचं होतं.

त्या कारखान्याची परवानगी मिळवायला पॅरिसच्या कुठल्याही शोपेक्षा जास्त पत्रव्यवहार करावा लागला. अट एकच: फोटो काढा, पण कामगारांची नावं द्यायची नाहीत. आत शिवणयंत्रांच्या लांबलचक लायनी. प्रत्येक लाइनच्या तोंडाशी बोर्ड, त्यावर तासाचं टार्गेट. एक बाई फक्त कॉलर जोडते, दुसरी फक्त कफ. पूर्ण शर्ट कुणीच शिवत नाही. कॉलर जोडणाऱ्या एका मुलीची सुई तुटली आणि तिने यंत्र थांबवलं. बाजूच्या टेबलावर एक वही होती. तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे शोधून, जोडून, चिकटपट्टीने त्या वहीत लावायचे. समोर तारीख, यंत्राचा नंबर आणि कारागिराचं नाव. तुकडे पूर्ण जुळले तरच नवी सुई मिळते. एखादं टोक कापडात राहिलं तर घालणाऱ्याला टोचेल, म्हणून ही दक्षता. शर्ट घालणाऱ्या अनोळखी माणसाची किती काळजी त्या वहीत चिकटवलेली होती! मुलीने वही माझ्याकडे वळवली, आपल्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आपा, बघा, हे माझं नाव." मी त्या पानाचा फोटो काढला, नावाची ओळ फ्रेमच्या बाहेर ठेवून. तिच्या नोकरीचा प्रश्न होता. पण त्या शर्टाच्या सगळ्या प्रवासात तिचं नाव लिहिलं गेलं ते फक्त सुई मोडली म्हणून.

फॅशन आणि गरिबी यांची गाठ घालणाऱ्यांचे फोटोही मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल माझं मत कडक आहे. ऑगस्ट २००८ च्या व्होग इंडियात गरीब माणसांच्या हातात महागड्या वस्तू देऊन काढलेली पानं आली होती. कुणाच्या हाती बर्बेरीची छत्री, लहान मुलाच्या गळ्यात फेंडीचं लाळेरं. टीका पुष्कळ झाली. मला सगळ्यात लागलं ते हे की फोटोखालच्या ओळींमध्ये छत्रीचं आणि लाळेऱ्याचं नाव होतं, माणसांचं नव्हतं. अशा शूटचं काम मी घेत नाही. मागून एखादी झोपडपट्टी 'बॅकग्राउंड' म्हणून हवी आहे असं ऐकलं की फोन तिथेच संपतो.

ढाक्याहून कॉक्स बाजार. तिथल्या कुतुपालोंग या रोहिंग्या निर्वासितांच्या छावणीत शिरायला शरणार्थी मदत आणि प्रत्यावर्तन (मायदेशी पाठवणी) आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते आणि बाहेरच्यांना संध्याकाळच्या आत निघावं लागतं. उखियाच्या दिशेने गेलं की झाडी विरळ होते आणि मग टेकड्यांवर टेकड्या, बांबू आणि ताडपत्रीची घरं, वाळूच्या गोण्यांच्या पायऱ्या. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइनमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या इकडे आले. आधीपासून असलेले वेगळेच.

मला महिलांच्या शिवण केंद्रात काम होतं. दुभाषी चटगावची मुलगी. चटगावची बोली आणि रोहिंग्या भाषा एकमेकींच्या बऱ्याच जवळच्या, त्यामुळे गप्पांना सूर लागतो. मी आधी कॅमेरा बंद ठेवून संमतीचं बोलते. फोटो कुठे छापला जाईल, मोबाइलवर कुणीही पाहू शकेल, राखाइनमधलेही पाहू शकतील, नंतर परत घेता येणार नाही, नाही म्हटलं तरी शिधा किंवा शिवणयंत्र बंद होणार नाही. यातलं शेवटचं वाक्य मी दोनदा सांगायला लावते. मदत देणाऱ्या संस्थेच्या जॅकेटमधला माणूस शेजारी उभा असताना 'हो' म्हणणं आणि मनापासून 'हो' म्हणणं यात फार अंतर आहे.

तिशीतली एक बाई हो म्हणाली आणि लगेच म्हणाली, थांबा. ती घरी गेली. परत आली तेव्हा गालांवर थनाखा लावलेला होता. झाडाची साल दगडावर पाण्यात उगाळून केलेला तो पिवळसर लेप म्यानमारमध्ये बायका रोज लावतात. एका गालावर तिने कंगव्याच्या दातांनी बारीक रेघा ओढल्या होत्या. ओढणीही बदललेली, हिरवी. उभं कुठे राहायचं ते तिनेच ठरवलं: यंत्राच्या मागे, पट्टी हातात धरून.

अडचण उजेडाची होती. डोक्यावर केशरी ताडपत्री असली की सगळा चेहरा केशरी होतो आणि थनाख्याचा पिवळा त्यात बुडून जातो. दाराशी पांढरी ताडपत्री टांगली, उजेड तिच्यावरून आत वळवला, राखाडी कार्ड धरून व्हाइट बॅलन्स घेतला. कापडाचा रंग जसाच्या तसा यावा म्हणून पॅरिसमध्ये जी घासाघीस करते, तीच इथे. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिने फोटो पाहिला, एक नाकारला, दुसऱ्याला मान हलवली. प्रिंटरवर तिची प्रत तिथेच काढून दिली.

फोटोखाली ओळ काय लिहू, असं विचारलं तेव्हा तिने आधी नाव सांगितलं. थोड्या वेळाने दुभाषीला हाक मारून म्हणाली, भाऊ अजून तिकडे आहे, नाव नको. "पण नुसतं निर्वासित लिहू नका. मी कपडे शिवते, तसं लिहा." मी तसंच लिहिलं, आणि नाव तिच्या विनंतीवरून दिलेलं नाही हेही. कॅमेऱ्याचं जीपीएस बंदच होतं, तरी फाइल पाठवताना पुन्हा तपासलं. फोटोच्या पोटातली जागेची नोंद माणसाला घरापर्यंत गाठू शकते.

ज्या संस्थेसाठी मी हे काम करत होते, तिथल्या प्रसिद्धी विभागाला फोटो आवडला पण पसंत पडला नाही. बाई फार छान दिसतात, देणगीदारांना गरज दिसायला हवी, असं त्यांचं म्हणणं. पाण्याच्या रांगेतला, भिजलेला, काही आहे का? होता. ती त्या रांगेत होतीही. पण त्या फोटोला तिने हो म्हटलेलं नव्हतं, म्हणून मी दिला नाही. शिवणयंत्रामागचा फोटो पुढे एका मासिकात आला, तिने सांगितलेल्या ओळीसह.

अमेरिकन फोटोग्राफर स्टीव्ह मॅककरीने १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीत एका हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला. जून १९८५ मध्ये तो नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला आणि घराघरात पोचला. तिचं नाव शरबत गुला, हे जगाला कळलं २००२ मध्ये. फोटो किती सुंदर आहे यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. पण मधल्या सतरा वर्षांत तो डोळ्यांच्या रंगावरून ओळखला जात होता, आणि तिने स्वतः तो पाहिलाही नव्हता.

कुतुपालोंगमध्ये आता चित्र थोडं बदलतंय. छावणीतलेच तरुण मोबाइलवर आणि साध्या कॅमेऱ्यांवर उत्तम काम करतात. २०२२ पासून त्यांचं 'रोहिंग्याटोग्राफर' नावाचं स्वतःचं मासिक निघतं, फोटो त्यांचे आणि नावंही त्यांचीच. आगीनंतर किंवा पुरानंतर पहिल्या तासाला ते तिथे असतात, मी विमानतळावर असते. परत आल्यावर मी माझ्या दोन्ही संपादकांना लेखी कळवलं आहे: छावणीचं काम निघालं की पहिला फोन तिथल्या फोटोग्राफरला करा, मानधन मला देता तेवढंच द्या, आणि फोटोत असलेल्याने आपली ओळ वाचून होकार दिल्याशिवाय ती छापू नका. एकाने मान्य केलंय. दुसऱ्यांनी मानधनाबद्दल विचार करून कळवतो म्हटलंय. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा फोन करणार आहे.