घाटावरचे पाहुणे

कारवारात "सी-बर्ड कुठं बघायला मिळतील?" असं कुणाला विचारू नये. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा रिक्षावाल्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "आत सोडत नाहीत ओ. पास लागतो." चूक त्याची नव्हती. या गावात सीबर्ड म्हणजे नौदलाचा तळ. १९८६ साली पायाभरणी झाली, २००५ साली 'आयएनएस कदंब' सुरू झालं, आणि ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांना लोक अजून 'सीबर्ड निराश्रित' म्हणतात. पंखवाल्या सीबर्डाला इथं साधं पाखरू म्हणायचं, म्हणजे घोटाळा होत नाही.

मावशीचं घर सदाशिवगडाच्या पायथ्याशी, काळी नदीच्या उत्तरेला. पौष पौर्णिमेला कुर्मगडाच्या नरसिंहाची जत्रा असते, होडीनं बेटावर जायचं असतं. त्या निमित्तानं दर वर्षी बोलावणं येतं, आणि दर वर्षी जत्रा झाल्यावर मी दोन दिवस रेंगाळतो. बायको म्हणते ताज्या बांगड्यांसाठी, मी म्हणतो पाखरांसाठी. भांडण्यात अर्थ नाही, दोन्ही खरं आहे.

उंबऱ्यात पाय टाकला की काकांचं स्वागत ठरलेलं: "आयलो घाटी!" चोर्ल्यावरून या नाहीतर अनमोडवरून या, घाट उतरून आलात की तुम्ही घाटी. घाटी म्हणजे ज्याला ताजा मासा ओळखता येत नाही, भरती-ओहोटीची वेळ कळत नाही आणि जो वाळूत बूट घालून चालतो असा माणूस. तिन्ही आरोप मला कबूल आहेत. बेळगावला मासा येतो तो बर्फात झोपून. त्याच्या डोळ्यांत बघून काय कळणार, कपाळ?

पाखरांच्या बाबतीत मात्र माझी थोडी मिजास होती. किल्ल्याच्या तळ्यावरच्या टिबुकल्या, राकसकोपचे पाणकावळे, थंडीत धुपदाळला जाऊन बघितलेले करकोचे. एवढ्या पुंजीवर मी दुर्बीण गळ्यात अडकवली आणि जाहीर केलं, "काका, उद्या सकाळी सहाला निघतो."

"सहाला काळोखात काय कुर्ल्या मोजणार? उद्या तिथी कुठली?"

"द्वितीया असणार. काल पौर्णिमा झाली की."

"मग पाऊणकी म्हण."

तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते. दोन पाऊण दीड. म्हणजे दुपारी दीडला भरती, आणि त्याच्या सहा तास आधी, साडेसातला, पुरी ओहोटी. वाळू उघडी पडली की पाखरं उतरतात, त्याआधी जाऊन फक्त थंडी खायची. शाळेत छडीच्या धाकानं घोकलेली पाऊणकी नक्की कशाला होती, हे मला पन्नाशी उलटल्यावर सदाशिवगडात कळलं. रात्री गुपचूप मोबाइलवर ताडून बघितलं, पंधरा-वीस मिनिटांचा फरक होता. काकांना सांगितलं नाही. मोबाइल चुकला असेल म्हणाले असते.

तर साडेसात. मी बूट, टोपी, दुर्बीण, वही अशा सरंजामात, काका लुंगी आणि कापडी पिशवी घेऊन. सुरूची झाडं ओलांडली की समोर लांबच लांब ओली वाळू आणि डावीकडं काळीचं मुख. या किनाऱ्यावर पाखरं बघायची ती सकाळीच. सूर्य आपल्या पाठीमागून, सह्याद्रीवरून, वर येतो आणि सगळा उजेड समोरच्या पाखरावर पडतो. चोचीचा रंग दिसतो, पायाचा दिसतो, अगदी डोळ्याचाही दिसतो. संध्याकाळी तीच पाखरं म्हणजे काळे पुठ्ठे. पण माणसं संध्याकाळीच गर्दी करतात, कारण त्यांना सूर्य बघायचा असतो. बघोत बापडी.

पहिली पंधरा मिनिटं मी दुर्बिणीतून लांबचं काहीबाही शोधत होतो. काका म्हणाले, "पायाखाली बघ की." बघितलं तर वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढे हजारो गोळे. प्रत्येक बिळाभोवती त्यांच्या रांगा, जशी कुणी घाईघाईत ठिपक्यांची रांगोळी काढावी. करंगळीच्या नखाएवढी कुर्ली बिळातून बाहेर येते, वाळू तोंडात घालते, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेते आणि उरलेल्या वाळूचा गोळा करून मागं टाकते. पाऊल वाजलं की सगळ्या एकदम गडप. भरती आली की रांगोळी पुसली जाते, पुढच्या ओहोटीला पुन्हा सुरू.

आणि या रांगोळीवर चिखल्या धावत होते. चिमणीपेक्षा थोडे मोठे, मातकट पाठ, पांढरं पोट. चिखल्याचं चालणं एकदा नीट बघावं. पाच-सात पावलं तुरुतुरु धावतो, थबकतो, मान ताठ करून बघतो, पटकन टिपतो, पुन्हा धावतो. चोच आखूड आणि डोळे मोठे, सगळा कारभार नजरेवर चालतो. त्याच्या शेजारीच तुतवार होते. त्यांची चोच लांब, ती चिखलात खुपसत टाके घातल्यासारखी चालते. बघायचं वगैरे काही नाही, चोचीला लागेल ते खरं. आमच्याकडं बाजारात भाजी घेणारे दोन प्रकारचे लोक असतात, एक लांबून बघून ठरवणारे आणि एक प्रत्येक वांगं दाबून बघणारे. मी दाबणाऱ्यातला.

पुढं नदीच्या तोंडाशी वाळूच्या पट्टीवर कुरव बसले होते. साठ-सत्तर असतील, सगळे वाऱ्याकडं तोंड करून. चोची लाल, पाय लाल, आणि पांढऱ्या डोक्यावर कानामागं एक काळसर ठिपका, तान्ह्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावावी तसा. पुस्तकात नाव मात्र 'तपकिरी डोक्याचा कुरव'. नवखा माणूस इथंच फसतो, मीही फसलो होतो. तपकिरी डोकं हा त्यांचा विणीच्या दिवसांतला थाट. इकडं हिवाळ्यात येताना टोपी घरी ठेवून येतात.

आणि घर कुठं, तर लडाखात, तिबेटात. त्सो मोरिरी नावाचं तळं आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटरवर, तिथं हे कुरव अंडी घालतात. चिखल्यांतले पुष्कळसे तसल्याच उंच पठारांवरचे. म्हणजे आपण ज्याला समुद्रपक्षी म्हणतो त्याचा जन्म समुद्रापासून शेकडो कोस लांब, आणि बेळगावच्या सहापट उंचावर! मला एकदम उकळी फुटली. म्हटलं, "काका, हे सगळे घाटी. माझ्यापेक्षा मोठे घाटी. थंडी पडली की मासे खायला खाली उतरतात, मे महिन्याआधी परत."

काकांनी डोळ्यांवर हात धरून कुरवांकडं बराच वेळ बघितलं. मग त्यांच्या लाल पायांकडं बोट करून म्हणाले, "खरंच. बूट घालून आलेत."

काका पाखरं माझ्यासारखी बघत नाहीत. त्यांना पाखरू दिसतं ते खुणेपुरतं. तेवढ्यात उत्तरेकडं ब्राह्मणी घारी घिरट्या घालायला लागल्या, सात-आठ तरी असतील, तांबूस पंख उन्हात नुसते पेटलेले. माझी दुर्बीण वर गेली आणि काका चालायलाही लागले. घारी जमल्या म्हणजे खाली रांपण ओढताहेत. वाटेत सुरूंवरून एक समुद्रगरुड गेला, पंख किंचित वर उचललेले, पांढरं पोट, हलणं नाही की डुलणं नाही. रत्नागिरीकडं त्याला काकण म्हणतात. मी थांबलो, काका थांबले नाहीत.

होडीतून जाळं अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांच्या दोरांना धरून किनाऱ्यावरून ओढत आणायचं, ही रांपण. १९७०च्या दशकात पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक बोटी आल्या आणि रांपणी मागं पडल्या, पण अधूनमधून दिसतात. हात लावला की वाटा मिळतो म्हणून काकांनी दोर धरला, माझ्याही हातात दिला. दुर्बीण छातीवर आपटत होती, बुटांत पाणी शिरलं, तळहात सोलले. जाळं किनाऱ्याला टेकलं तेव्हा त्यात तारले, थोडे बांगडे, बरंचसं शेवाळ. कावळे कडेला, कुरव पाण्यावर, आणि वरून घार. ती खाली आली, पायानं एक तारला उचलला, आणि झाडावर बसायच्या भानगडीत न पडता उडता उडताच मान खाली घालून खायला लागली. ती माझ्यापासून दहा फुटांवर होती आणि माझ्या दोन्ही हातांत दोर होता.

वाट्याला सहा बांगडे आले.

मावशी मागीलदारी आदोळी, म्हणजे विळी, घेऊन बसली. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती खानापुराहून इथं आली तेव्हा तिला बांगडा आणि तारला यांतला फरक सांगता येत नव्हता, हे काका अजून सांगतात. आता मान न उचलता मासे साफ करते. तिच्यापासून दोन हातांवर, धुण्याच्या दगडावर, एक ढोक येऊन उभा राहिला. तोच मातकट, मान आखडून बसणारा वंचक, जो बेळगावात तळ्याकाठी कुठंही दिसतो म्हणून मी सकाळभर वहीत लिहिला नव्हता. डोळा पिवळा, नजर आदोळीवर.

"हा केव्हापासून येतो गं?" मी विचारलं.

"तुझ्या काकांना विचार. मला वाटतं माझ्या आधीपासूनचा आहे." तिनं आतडं भिरकावलं. ढोक दगडावरून सावकाश उतरला, उचललं, गिळलं, आणि माडावर जाताना पंख उघडले तेव्हा एकदम पांढराशुभ्र झाला. मी वही काढली, पण बोटांना खवलं चिकटली होती.