दोन सिम, एक आखाडा आणि कोन्स्टान्सचं तळं

आमच्या आखाड्यावर फोन वाजला की माणूस आधी लिंबाकडं पळतो. लिंबाच्या बुडाशी एक फुटकं जातं पडलंय, त्यावर उभं राहिलं की दोन दांड्या दिसतात. खाली उतरलं की नुसतं ‘हॅलो, हॅलो’. अंबाजोगाईपासून आत, बालाघाटाच्या उतारावर आमची सात एकर जमीन आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझा निम्मा दिवस तिथंच जातो. पंधरा वर्षं नंबर तोच, कंपनी तीच. ‘फोन घेतलाय का जात्यावर चढायला?’ असं ही नेहमी म्हणायची, पण बदलायचा कंटाळा.

मुहूर्त लागला तो पोरीमुळं. ती जर्मनीत कोन्स्टान्सला असते. पेरण्या उरकून पाच आठवडे या म्हणाली आणि वर एक तंबी दिली : ‘अण्णा, फोनचं तिकडूनच नीट करून या, इथं आल्यावर ओटीपी-ओटीपी करू नका.’ मला वाटलं, एक चांगलं सिम घ्यायचं, ते शेतातही चालेल आणि परदेशातही. हाच माझा पहिला गैरसमज. शेतात रेंज पाहिजे. परदेशात आपल्या सिमकडून फक्त ओळख पाहिजे. बँक, आधार यांच्यासाठी आपण कोण ते सांगण्यापुरतं. बोलायला आणि नेट वापरायला तिथलं सिम. ही दोन वेगळी कामं आहेत हे आधी कळलं असतं तर माझे बरेच पैसे वाचले असते.

आधी घरचं. पुतण्या म्हणाला, ‘काका, लगेच पोर्ट करू नका, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलू नका. दुसऱ्या कंपनीचं साधं सिम घ्या, दुसऱ्या खाचेत टाका आन् पंधरा दिवस फिरा.’ हा सल्ला लाख मोलाचा. कारण गावात ज्याला विचाराल तो आपल्याच कंपनीची तारीफ करतो, अगदी बैलाची करावी तशी. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०२४ च्या नियमाप्रमाणं कंपन्यांना आपापल्या वेबसाइटवर रेंजचे नकाशे टाकावे लागतात. ते जरूर बघा, पण नकाशात आमचा आखाडा भरगच्च रंगात होता आणि प्रत्यक्षात जातंच कामी येत होतं.

आम्ही दोन सिम घेऊन मोटारसायकलवर अंबाजोगाई, केज, कळंब, येरमाळा असं करत तुळजापूरला जाऊन आलो. देवीचं दर्शनही झालं. गावं लागली की दोन्ही कंपन्या सारख्याच. फरक पडतो तो घाटात, दोन गावांच्या मधल्या माळावर आणि जुन्या माळवदाच्या घरात. आमच्या घराच्या भिंती दोन हात रुंद. ढाळजेत ५जी दिसायचं, माजघरात गेलं की फोन मुका. पुतण्यानं कारण सांगितलं : ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून शिरतात, २३०० किंवा ३३०० च्या पुढच्या लहरी डेटा भरपूर वाहतात, पण लवकर दमतात. शहरात दुकानदार ५जीचा वेग दाखवतो तो बहुतेक या दुसऱ्या जातीचा. शेतकऱ्याला त्याचा उपयोग थोडाच.

आणखी एक गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते : मोटारीचा स्टार्टर. आमच्याकडं शेताला लाइट कधी दिवसा, कधी रात्री, म्हणून बोअरच्या पेटीत सिमवाला स्टार्टर बसवलेला आहे. मिस कॉल दिला की मोटार चालू. असे बरेचसे स्टार्टर २जीवर चालतात आणि जिओला २जीच नाही. त्यात ते सिम टाकून लोक दोन-दोन दिवस स्टार्टर बिघडला म्हणून मेकॅनिक शोधत हिंडतात. म्हणजे खिशातल्या फोनची कंपनी एक आणि पेटीतल्या सिमची दुसरी, असंही करावं लागतं. २०२४ च्या जुलैत खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा आमच्या गावातल्या कितीतरी जणांनी बीएसएनएल घेतलं. काहींचं छान चाललंय, काही परत फिरले. कोण कुठं उभा राहून बोलतो यावर सगळं.

पंधरा दिवसांत दुसरी कंपनी जिंकली, जात्याशिवाय. मग माझा जुना नंबर तिकडं नेला. कृती सोपी आहे : मेसेजमध्ये इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून आपला नंबर, आणि १९०० ला पाठवायचं. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो घेऊन आधारसह नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. आपल्या सर्कलमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या हिशोबातल्या आपल्या विभागात, तीन कामकाजी दिवसांत काम होतं. मात्र आधीच्या कंपनीत ९० दिवस झालेले पाहिजेत, आणि सिम हरवून नवं घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. परदेशी जायचं असेल तर हे सगळं किमान महिनाभर आधी उरका. हे ठळक सांगतोय, कारण पुढं माझी फजिती झाली ती घाईमुळंच.

झालं असं, निघायच्या दोन दिवस आधी पुतण्या म्हणाला, ‘तुमच्या फोनला एक खाच मोकळी पाहिजे जर्मनीच्या सिमला, तर हे सिम ई-सिम, म्हणजे फोनच्या आतलं, बिनकार्डाचं करून घेऊ.’ विचार बरोबर होता, वेळ चुकली. सिम बदललं की चोवीस तास मेसेज बंद राहतात. त्यात बॅगा भरायच्या, लातूरची रात्रीची मुंबई गाडी धरायची. एक यूपीआय ॲप मी उघडून बघितलं, शेतीच्या खात्याचं दुसरं विसरलो.

विमानात बसताना फोन फ्लाइट मोडवर टाका आणि खरोखर तसाच ठेवा. काही विमानांत वरचं वेगळं मोबाइल नेटवर्क असतं, ते साध्या रोमिंग पॅकमध्ये नसतं. फ्रँकफर्टला उतरलो, विमानतळावर फुकट वायफाय मिळालं, पोरीला व्हॉट्सॲपवर फोन लागला. तिथून रेल्वेनं कोन्स्टान्स. ब्लॅक फॉरेस्टमधून जाणारी ही लाइन बघण्यासारखी आहे, पण त्यात ३९ बोगदे. आत गेलं की रेंज गायब, बाहेर आलं की पाइनची झाडं. जर्मनीत सगळीकडं पाचही दांड्या असतील हा माझा समज त्या डब्यात उतरला. मला तर येरमाळ्याचा घाट आठवला.

जर्मन सिम घ्यायला ओळखपत्र लागतंच. २०१७ च्या जुलैपासून प्रीपेडलाही तसा कायदा आहे. आम्ही स्वस्तातलं म्हणून किराणा दुकानातून पाकीट आणलं. ते चालू करायला व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवावा लागतो. त्या माणसाला माझा पासपोर्ट कधी चमकायचा, कधी पुसट दिसायचा. तीन वेळा बसलो, तिसऱ्यांदा तो म्हणाला, जमत नाही. शेवटी मोबाइल कंपनीच्या स्वतःच्या दुकानात गेलो. तिथं पासपोर्ट बघून वीस मिनिटांत सिम चालू. थोडे युरो जास्त गेले, पण जाणाऱ्यांनी सरळ हेच करावं. खेड्यापाड्यांत फिरायचं असेल तर डॉइशे टेलिकॉम या कंपनीचं जाळं मोठं मानतात. शहरातच राहणार असाल तर ओटू किंवा व्होडाफोनवर चालणारी स्वस्त सिमंही पुरतात.

इथं हिच्या फोननं वेगळाच घोळ केला. दोघांचं सिम एकाच कंपनीचं, पण डोंगरात माझ्या फोनला रेंज आणि हिच्या फोनला नाही. पोरीनं शोधून काढलं : युरोपात गावाकडची ४जी रेंज बरीचशी ८०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड २० वर असते, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त फोनमध्ये तो बँडच नसतो. फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे आपण विचारतो, बँड कोण विचारतो?

आता खरी मजा. कोन्स्टान्स हे गाव स्वित्झर्लंडला चिकटून आहे. एक गल्ली जर्मनीत, पुढची क्रॉयत्सलिंगेनमध्ये, म्हणजे स्विस हद्दीत. तळ्याकाठी पूर्वी तारेचं कुंपण होतं, ते २००६ मध्ये काढलं आणि आता तिथं नुसती शिल्पं उभी आहेत. माणसाला हद्द दिसत नाही आणि फोनलाही नाही. दुसऱ्याच संध्याकाळी मी तळ्याकाठच्या बाकावर बसून गावाकडच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. घरी आल्यावर पोरीनं शिल्लक बघितली, तर रिचार्ज साफ. फोननं पलीकडचा टॉवर पकडला होता. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्या दरानं चालतं, पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. काही कंपन्या आपल्या पॅकमध्ये स्वित्झर्लंड धरतात, काही नाही. आमची धरत नव्हती. आपल्याकडून रोमिंग पॅक नेणाऱ्यांनीही देशांची यादी एकेक नाव वाचून बघावी, ‘युरोप’ या शब्दावर जाऊ नये.

उपाय दोन. जर्मन सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा, ऑस्ट्रिया किंवा फ्रान्सला जाताना तेवढं चालू करा. आणि हद्दीजवळ राहणार असाल तर सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडायचं बंद करून हातानं जर्मन कंपनी निवडा. भारतीय सिमचं डेटा रोमिंग तर कायमचंच बंद. त्याबरोबर आणखी एक बटण शोधा : एका सिमची रेंज कमी झाली की फोन आपण होऊन दुसऱ्या सिमचा डेटा वापरतो, तेही बंद. हे बटण मला पोरीनं दाखवलं नसतं तर भारतीय सिमवरूनही चांगलाच फटका बसला असता.

राइनचा धबधबा बघायला शाफहाउजेनजवळ गेलो तेव्हा तर पूर्ण स्वित्झर्लंडच. त्या दिवशी दोन्ही सिमचा डेटा बंद, नकाशा आधीच उतरवून घेतलेला. धबधबा दीडशे मीटर रुंद, पण उंची तेवीसच. ‘आपला सौताडा उंचीला जास्त आहे,’ ही म्हणाली. ‘पण पाणी?’ असं मी विचारलं नाही.

भारतीय सिम चालू ठेवायला आम्ही निघण्याआधीच कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घेतलं होतं, लहानातला लहान पॅक टाकून. आमच्या पॅकमध्ये येणारे मेसेज फुकट होते, त्यामुळं बँकेचे ओटीपी येत राहिले. पण येणारा फोन उचलला तर पैसे जातात, हे गावाकडच्या मंडळींना पटत नाही. सकाळी सहाला चुलत्यांचा फोन यायचा, तिकडं रात्रीचे अडीच. शेवटी सगळ्यांना व्हॉट्सॲपवर यायला सांगितलं. दुबईला जाणाऱ्यांनी मात्र यावर भिस्त ठेवू नये, तिथं व्हॉट्सॲपवरून फोन लागत नाहीत. शेजारच्या पोरानं पहिला महिना घरच्यांना नुसते व्हॉइस मेसेज पाठवून काढला. आणि निघण्याआधी ##००२# लावून सगळे कॉल फॉरवर्ड रद्द करा, नाहीतर न उचललेल्या फोनचेही पैसे लागू शकतात.

तिसऱ्या आठवड्यात सालगड्याचा निरोप आला, सोयाबीनवर फवारणी करायचीय, औषधाचे पैसे टाका. मी ते विसरलेलं ॲप उघडलं. ते म्हणालं, सिम बदललंय, ओळख पटवायला या फोनवरून मेसेज पाठवा. म्हणजे येणारा मेसेज नाही, जाणारा, आणि तोही रोमिंगमधून. दोनदा पाठवला, दोन्हीचे पैसे कापले, ओळख काही पटली नाही. तिसऱ्यांदा ॲपनं चोवीस तास थांबायला सांगितलं. पुतण्यानं दुकानात जाऊन रोख दिले म्हणून फवारणी वेळेवर झाली. सिम बदलायचं तर घर सोडण्याआधी आठ दिवस बदला आणि बँकेची, यूपीआयची, सगळी ॲप एकेक उघडून एखाद्या ओळखीच्या माणसाला एक रुपया पाठवून बघा.

जे चार-सहा महिने राहणार आहेत, विशेषतः नातवंडं सांभाळायला जाणारे आजी-आजोबा, त्यांनी डेटाचे महागडे रिचार्ज करू नयेत. ट्रायच्या आदेशामुळं २०२५ च्या जानेवारीपासून कंपन्यांना फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक द्यावे लागतात, त्यात वर्षभराचेही आहेत. नंबर मेला की तो दुसऱ्याला मिळतो, आणि आधारला तोच जोडलेला असला की पीक विमा, केवायसी सगळंच अडकतं. आमच्या शाळेतल्या एका सरांचं नेमकं हेच झालं. परत आल्यावर ते आधार केंद्रावर रांगेत उभे होते.

मुंबईत उतरलो तेव्हा पहाट होती. फोनवर ‘सेवा उपलब्ध नाही’. अर्धा तास इकडं-तिकडं फिरलो, खिडकीपाशी गेलो, फोन वर धरला; ही म्हणाली, ‘जातं शोधा आता.’ बाहेर टॅक्सीच्या रांगेत उभ्या एका कॉलेजच्या पोरानं फोन हातात घेतला, सेटिंगमध्ये गेला आणि विचारलं, ‘काका, हे नेटवर्क हातानं कुणी निवडून ठेवलंय?’ कोन्स्टान्सच्या तळ्यावर मी भारतीय सिमलाही जर्मन कंपनी निवडून ठेवली होती. त्यानं ‘आपोआप’वर टाकलं आणि अडकलेले मेसेज धडाधड यायला लागले. त्यात पहिला सालगड्याचा होता : मालक, स्टार्टर चालू व्हईना.