बी जिवंत पोचवायचं कसं?

आज दिवसभर अठराव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांची पत्रं. मोठे शोध राहू द्या, फिरून फिरून विषय एकच: पाठवलेलं बी उगवलं का? लंडनचा कापडव्यापारी पीटर कॉलिन्सन अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ झाडं-बिया गोळा करणाऱ्या जॉन बार्ट्रमकडून बियांच्या पेट्या मागवून गिऱ्हाइकांना द्यायचा. शंभरेक जातींचं बी, पेटीला 5 गिनी (तेव्हाचं इंग्रजी सोन्याचं नाणं).

सुकं, कठीण बी कागदाच्या पुडीत निभावतं. ओकचं नाही. आतली ओल उडाली की अंकुर मेला, दमट ठेवलं तर वाटेतच बुरशी नाहीतर मोड. म्हणून इंग्रज निसर्गअभ्यासक जॉन एलिस ते मेणात बंद करून पाहत होता. चहाच्या बियांचं दुखणंही तेच. त्यावर स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा तोडगा भन्नाट: चीन सोडताना ताजं बी कुंडीत पेरा, उगवू दे जहाजावरच! स्वीडिश जहाजाचा कॅप्टन एकेबर्गने तसंच केलं आणि 1763 मध्ये चहाची जिवंत रोपं स्वीडनला पोचली.

वाळवलेल्या नमुन्यांचं त्यामानाने सोपं. फांद्या कागदांत दाबून ठेवायच्या, ते कागद वेळेवर बदलायचे, नाहीतर पानं काळी पडतात. एकाच झाडाच्या दोन फांद्या, दोन्हींवर एकच क्रमांक. एक स्वतःकडे, एक टपालाने जाणकाराकडे, नाव ओळखायला. उत्तरात क्रमांकापुढे नाव लिहून येई. क्रमांक चुकला की नाव भलत्याच झाडाला.