पाळी गेली, मग इस्ट्रोजेन कुठून?

“पाळी जाऊन बारा वर्षं झाली. मग हे ‘ईआर पॉझिटिव्ह’ कुठून आलं?” आज स्तनाच्या कॅन्सरच्या बायोप्सी रिपोर्टवर बोट ठेवून एका काकूंनी विचारलं. दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

प्रश्न रास्त आहे. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे रिसेप्टर आहेत, त्या हार्मोनवर ती वाढू शकते. बीजकोश थंडावतात हे खरं, पण इस्ट्रोजेन शून्यावर येत नाही. मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीतून येणाऱ्या अँड्रोजेनचं (पुरुषी हार्मोनचं) रूपांतर चरबीतलं अरोमाटेज हे एन्झाइम इस्ट्रोजेनमध्ये करतं. चरबी जास्त, तर कारखानाही मोठा. या कॅन्सरवरच्या लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्या नेमकं हेच एन्झाइम अडवतात.

म्हणून पाळी गेल्यावर वजनाने वाढणारा धोका मुख्यतः हार्मोन-रिसेप्टर पॉझिटिव्ह गाठींचा. (बारीक बायकांनाही हा कॅन्सर होतोच.) वजन जास्त असेल तर निदानाच्या वेळी गाठ सरासरीने मोठी आणि काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड) पसरलेली असण्याची शक्यताही जास्त. एक कारण साधंच: मोठ्या स्तनात खोलवरची लहान गाठ बोटांना लागतच नाही. मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) मात्र उलटं. चरबी काळपट दिसते, गाठ पांढरी, त्यामुळे ती उठून दिसते.

आणि जास्त वजन म्हणजे किती? उंची १५० सेंमी, वजन ६८ किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३०, म्हणजे लठ्ठपणा. आपण अशा बाईला नुसतं ‘अंगाने भरलेली’ म्हणतो.

तुमच्या घरात पन्नाशीपुढच्या कुणाची मॅमोग्राफी शेवटची कधी झाली?