कॉर्ड लावली की राग उरतो का?

माझे शिक्षण हिंदुस्तानी पेटीवादनाचे आणि नोकरी चेन्नईतली, त्यामुळे पुण्याला घरी गेलो की कोणी ना कोणी विचारतेच, "तमिळ चित्रपटांचे संगीतकार इळैयराजा, त्यांच्या गाण्यांत कर्नाटक राग असतो म्हणता, पण त्याखाली गिटार आणि व्हायोलिनांचा ताफा वाजतो, मग राग उरतो कुठे?" प्रश्न रास्त आहे. अशा वेळी मी बोलण्याआधी पेटी पुढे ओढतो.

कल्याणी हा कर्नाटक राग म्हणजे आपल्या यमनचे स्वर. कोणाला तरी ते गायला सांगावे आणि पेटीवर पंचम, निषाद व वरचा रिषभ असे तीन स्वर एकत्र दाबून धरावेत, म्हणजेच कॉर्ड लावावी. थोड्याच वेळात कान पंचमालाच षड्ज मानू लागतो, तीव्र मध्यम त्याचा निषाद होऊन बसतो आणि ऐकू येते ते शंकराभरणम्, म्हणजे बिलावलाचे स्वर. कर्नाटक संगीतात याला ग्रहभेद म्हणतात. मैफलीत कलाकार तो जाणूनबुजून, क्षणभर दाखवतो. इथे एका कॉर्डने तो नकळत होतो. मोहनम्‌ची, म्हणजे भूपाच्या स्वरांची, अडचण निराळी आहे: त्याच्या पाच स्वरांतून सा-ग-प आणि ध-सा-ग अशा दोनच पूर्ण कॉर्ड निघतात, तिसरी हवी असेल तर वर्ज्य, म्हणजे रागात न घेतल्या जाणाऱ्या, स्वराला दार उघडावे लागते.

इळैयराजांनी मद्रासमध्ये धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य संगीताचे धडे घेतले आणि 1976 साली 'अन्नकिळी'पासून चित्रपटांना संगीत देऊ लागले. त्यांची खुबी, माझ्या मते, कॉर्ड कमी ठोकण्यात आणि ओळी जास्त विणण्यात आहे. बेस गिटार स्वतःची चाल चालते, व्हायोलिने गायकाला उत्तरे देतात, पण षड्जाचे आसन सहसा हलत नाही. 1986 साली त्यांनी आपला एक वाद्यसंगीताचा संग्रह कर्नाटक संगीताचे रचनाकार त्यागराज आणि पाश्चात्त्य संगीतकार बाख या दोघांना अर्पण केला, तो मला नुसता नमस्कार वाटत नाही. स्वतंत्र ओळी एकमेकींना धक्का न लावता कशा चालवायच्या, हे बाखकडूनच शिकावे. 'दळपति' चित्रपटामधले (1991) 'सुंदरी कण्णाल्' ऐकावे. गळ्यातून कल्याणी उतरत असते. मधल्या संगीतात वाद्यवृंद थेट रणांगणावर जातो, आणि गायक परतताच कल्याणी जागच्या जागी सापडते.

मात्र याची किंमत मोजावी लागते आणि ती गमकांत, म्हणजे स्वर डोलवण्या-घोळवण्यात, मोजली जाते. गांधार डोलू लागला की खाली स्थिर धरलेल्या गांधाराशी त्याची कुरबुर होते, म्हणून चित्रपटगीतात स्वर बरेचसे सरळ लावले जातात. नाक मुरडणाऱ्या कर्नाटक रसिकांची ही तक्रार मला खोटी वाटत नाही. वर्ज्य स्वर आला म्हणून होणाऱ्या आरडाओरड्यापेक्षा ती कितीतरी मोलाची आहे.

आमच्या शेजारच्या मामी व्हायोलिन वाजवतात. एका संध्याकाळी त्या कल्याणी आळवत असताना मी हौसेने खाली कॉर्ड धरली. त्यांनी गांधार दोनदा घोळवून पाहिला, गज थांबवला आणि म्हणाल्या, "अहो, तो हात उचला आधी."

मी उचलला.