फुरसे चावल्यानंतर: माझा अनुभव
रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या आंब्याच्या बागेत पावसाने ढासळलेला गडगा रचत असताना चिऱ्याखालच्या सापाने माझ्या बोटाला दंश केला. साप जेमतेम दीड वीत लांब होता, पण वेटोळी एकमेकांवर घासून तो करवतीसारखा आवाज करत होता आणि त्याच्या डोक्यावर बाणाची फिकट खूण होती. भावाने ते फुरसे असल्याचे ओळखले आणि त्याला मारायला न जाता सर्वांना मागे सारले.

शेजारचे काका दंडाला दोरी आवळणार होते. माझी वहिनी आशा सेविका असल्यामुळे तिने त्यांना थांबवले. फुरशाचे विष दंशाजवळचे मांस नासवते, दोरीने ते तिथेच कोंडले जाते आणि ब्लेडने कापले तर रक्त थांबत नाही, हे तिने समजावले. सूज चढण्याआधी तिने माझी अंगठी काढली, आंबापेटीची फळी लावून हात स्थिर बांधला आणि मला चालू न देता गाडीत बसवले.

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी आधी दंशाची वेळ विचारली, मग काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन ती 20 मिनिटे न हलवता ठेवली. तेवढ्या वेळात परिचारिका माझ्या पापण्या पुन्हा पुन्हा पाहत होत्या, कारण नाग किंवा मण्यार चावल्यास रक्त नेहमीसारखे गोठते, मात्र पापण्या जड होऊन पुढे श्वास अडखळतो. नळी तिरकी केली तेव्हा माझे रक्त पातळच होते. आपल्याकडचे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच असल्याने सापाची खात्री होईपर्यंत उपचार थांबवावे लागत नाहीत, आणि म्हणूनच साप पकडून दवाखान्यात नेण्याचा आग्रह मला अत्यंत घातक वाटतो. घाटातल्या चापडा या विषारी सापाच्या दंशावर मात्र हे औषध उपयोगी नसते; तिथे दुरून काढलेला फोटो डॉक्टरांच्या कामी येतो.

प्रतिसर्पविष सलाइनमधून सुरू झाल्यावर मला थंडी वाजली आणि अंगावर पित्त उठले. घोड्याच्या रक्तापासून बनलेल्या या औषधाने असे होऊ शकते, म्हणून ॲड्रेनॅलिन आधीच भरून ठेवले होते. ते दिल्यावर त्रास ओसरला. 6 तासांनी केलेल्या चाचणीतही रक्त गोठले नाही, तेव्हा दुसरी मात्रा दिली आणि त्यानंतरच्या चाचणीत नळीत गाठ धरली. घरी सोडताना डॉक्टरांनी हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त आल्यास, लघवी कमी झाल्यास, तसेच आठवड्या-दोन आठवड्यांत ताप व सांधेदुखी सुरू झाल्यास त्वरित परत यायला सांगितले.